मुलांना घेऊन जनावरांच्या बाजारात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जनावरांचा बाजार बघ्यांसाठी भरत नाही. तिथे आलेल्या शेतकऱ्याच्या एका दाव्याला (जनावर बांधायच्या दोरीला) त्याच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा हिस्सा बांधलेला असतो, आणि दोन-तीन तासांत त्याला त्याचा निकाल लावायचा असतो. मुलांना घेऊन जाणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवलं की बाकीचे बरेच नियम आपोआप कळतात: वाटेत उभं राहू नका, सौद्यात तोंड घालू नका, दोरीपासून लांब राहा. हे सांभाळलं तर बाजारातली माणसं मुलांशी फार प्रेमाने बोलतात आणि एखादा आजोबा आपण होऊन बैलाचे दात दाखवतो.

खालच्या सूचना पाच ते बारा वर्षांच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. चार वर्षांखालचं मूल नेऊ नका. धूळ, गोंगाट आणि सतत कडेवर घेणं यात ते आणि तुम्ही दोघंही तासाभरात रडकुंडीला याल.

१. बाजार कोणता, ते आधी ठरवा

सगळे बाजार सारखे नसतात. बैलबाजार, म्हशींचा बाजार, शेळ्या-मेंढ्यांचा बाजार आणि यात्रेतला बाजार, प्रत्येकात गर्दी वेगळी आणि धोकाही वेगळा.

पहिल्या खेपेला शेळ्या-मेंढ्यांचा भागच निवडा. शेळीची उंची मुलाच्या कमरेएवढी, ढुशी बसली तर फार तर पडायला होईल. बैलाचं शिंग मात्र नेमकं मुलाच्या चेहऱ्याच्या पातळीला येतं. सातारा जिल्ह्यातलं लोणंद (गुरुवार) शेळ्या-मेंढ्यांसाठी नावाजलेलं आहे. पुण्याजवळ चाकणला शनिवारी बाजार भरतो, तिथे बैल, गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या असं सगळंच एका फेरीत बघायला मिळतं आणि शनिवारी सुट्टी असेल तर शाळा बुडवावी लागत नाही. सांगोल्याचा रविवारचा बाजार खिल्लार जातीच्या जनावरांसाठी प्रसिद्ध. जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचा बैलबाजार सोमवारी, नेवासा तालुक्यातल्या घोडेगावचा बाजार शुक्रवारी. हे दोन्ही सुट्टीत गाठायचे.

यात्रेतले बाजार देखणे, पण गर्दीचे. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं आणि लाल कंधारी जातीची जनावरं येतात. पौष पौर्णिमेला एकीकडे जेजुरीला गाढवांचा बाजार असतो, तर दुसरीकडे मुरबाडजवळ म्हसा गावची यात्रा. कल्याण-ठाण्याकडच्यांना म्हसा जवळ पडतं. यात्रेला जायचं तर मुख्य दिवस टाळा. पालखीच्या किंवा रथाच्या दिवशी लहान मुलाचा हात सुटला तर शोधणं अवघड. मुख्य दिवसाच्या आधी किंवा नंतर जनावरं असतात आणि चालायला जागाही असते.

बकरी ईदच्या आधीचे दोन-तीन आठवडे शेळ्यांच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हाही मुलांना नेऊ नका.

२. बाजार भरणार आहे ना, याची खात्री करा

याच एका गोष्टीवर बऱ्याच सहली फसतात. लाळ-खुरकूत किंवा लंपीची साथ आली की जिल्हा प्रशासन जनावरांचे बाजार बंद करतं. २०२२ च्या सप्टेंबरात लंपीमुळे राज्यभरचे गुरांचे बाजार असेच थांबले होते. मोठा पाऊस, निवडणूक, सण यांनीही वार पुढे-मागे होतो. आदल्या दिवशी त्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या कार्यालयात फोन करून "उद्या जनावरांचा बाजार आहे का, आणि किती वाजता फुटतो?" एवढं विचारा. नुसतं "बाजार आहे का?" असं विचारू नका; भाजीचा बाजार असला तरी उत्तर "आहे" असंच येईल.

मुलाला सर्दी, खोकला, दमा असेल तर पुढचा आठवडा बघा. कोरड्या दिवसांत बाजाराच्या मैदानावर धुळीचा नुसता लोट असतो.

धनुर्वाताच्या लशीचं कार्ड एकदा काढून बघा. सरकारी वेळापत्रकात पाच ते सहा वर्षांदरम्यान एक बूस्टर आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) असते. खिळे, नालेचे तुकडे, पत्र्याच्या कडा आणि सगळीकडे शेण, अशी ती जागा आहे. लस राहिली असेल तर आधी ती.

३. बरोबर काय घ्यायचं

- पूर्ण पाय झाकणारे जुने बूट आणि पायमोजे. चप्पल, सँडल, क्रॉक्स अजिबात नकोत. बैलाचा खूर बोटांवर पडला तर हाड मोडतं.
- पूर्ण लांबीची पँट. ओढणी, लोंबणारे बंद, सैल दुपट्टा नको.
- टोपी. छत्री मात्र नाही. फट्कन उघडलेल्या छत्रीने बैल बुजतो.
- प्रत्येकाला पाण्याची वेगळी बाटली, आणि हात धुवायला दोन लिटरचा आणखी एक कॅन.
- साबणाची वडी. सॅनिटायझर असलं तरी साबण हवाच, शेणाने माखलेल्या हातावर सॅनिटायझर नीट काम करत नाही.
- धुळीसाठी मास्क किंवा रुमाल.
- जादा कपड्यांचा एक जोड आणि घाणेरडे बूट ठेवायला गोणपाट किंवा जाड पिशवी.
- दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा, पार्किंगची पावती आणि चहापाण्यासाठी.
- मुलाच्या दंडावर किंवा शर्टच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलेला तुमचा फोन नंबर.

फुगे, पिपाणी, शिट्टी, आवाज करणारे बूट, चमचमणारी खेळणी घरी ठेवा. लाल शर्टाची मात्र चिंता करू नका. गुरांना लाल रंग आपल्याइतका ओळखू येत नाही, ती बिथरतात ती अचानक झालेल्या हालचालीने.

बाबागाडी नेऊ नका. मैदानावर ना फरशी ना सरळ वाट. मोठ्या माणसांचा हिशेब असा धरा: आठ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस, त्यावरच्या दोघांमागे एक. चार मुलं आणि एकटी आई हे गणित इथे जमत नाही.

४. वेळ

बहुतेक बाजारांत पहाटेपासून गाड्या लागतात, सात ते दहा सौदे जोरात असतात आणि अकरानंतर पांगापांग सुरू होते. तुम्ही साडेसात-आठला पोचा आणि साडेनऊ-दहाला निघा. दीड-दोन तास पुष्कळ झाले.

उशिरा जाण्यात दोन तोटे आहेत. ऊन चढतं, जनावरं तापतात आणि चिडतात. दुसरं म्हणजे विकलेली जनावरं टेम्पोत चढवायची घाई सुरू होते, आणि बाजारात बऱ्याच दुखापती तिथेच होतात.

५. आत शिरल्यावर कुठून चालायचं

आधी फाटकापाशी पाच मिनिटं नुसतं थांबा. मुलांना आवाजाची आणि वासाची सवय होऊ द्या. बाजार समितीचं कार्यालय किंवा भोंग्याची खोली दाखवून ठेवा: चुकामूक झाली तर तिथेच यायचं, इकडेतिकडे शोधत फिरायचं नाही.

मग दावणीचा अंदाज घ्या. जनावरं ओळीने बांधलेली असतात, साधारण तोंडं एका बाजूला. तुम्ही नेहमी तोंडाच्या बाजूने चाला, पुठ्ठ्यांच्या बाजूने नाही. दोन ओळींच्या पाठी समोरासमोर आल्या की मधली बोळ रिकामी दिसते, मुलं तिथून पळायला बघतात. ती लाथांची बोळ. तिकडे जायचंच नाही.

ताणलेलं असो वा ढिलं, दावं किंवा कासरा (जनावर हातात धरायची दोरी) ओलांडू नका, खालून वाकूनही जाऊ नका. जनावराने मान झटकली की ढिली पडलेली दोरी क्षणात ताठ होते आणि मूल आडवं पडतं. वळसा घाला, वीस पावलं जास्त पडली तर पडू देत.

मागे येणाऱ्या पिकअपकडे लक्ष ठेवा. ड्रायव्हरला आरशात सात वर्षांचं पोरगं दिसत नाही. आणि जनावरं चढवायच्या धक्क्यापासून निदान पन्नास पावलं लांब राहा. फळीवर घसरलेला, मागून ढकलला जाणारा बैल कुठल्याही दिशेला उडी घेतो.

"सुटलाय, बाजूला व्हा!" अशी आरोळी आली तर वाटेने पुढे पळू नका, सुटलेलं जनावरही त्याच मोकळ्या वाटेने येतं. मुलाला उचला आणि उभी गाडी, झाड किंवा भिंत यांच्या आडोशाला उभे राहा. खांद्यावर बसवू नका. कडेवर, छातीशी.

६. जनावराजवळ जायचं ते कसं

आधी धन्याला विचारा: "दादा, पोरानं हात लावला तर चालेल का? गरीब आहे का?" गरीब म्हणजे शांत. "मारका आहे" म्हणाले तर तिथेच थांबा, आणखी विचारत बसू नका. "जरा तापट आहे" याचाही अर्थ तोच.

गाई-बैलाला दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं. दिसत नाही ते नेमकं शेपटीमागचं, आणि नाकाच्या अगदी पुढचं थोडं. म्हणून बाजूने, खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत जायचं. हात लावायचा तो मानेला किंवा खांद्याला. कपाळाला, शिंगाला, कानाला नाही. मूल तुमच्या पुढे, तुमचा हात त्याच्या खांद्यावर, आणि जनावराचा कासरा धन्याच्या हातात.

गाय लाथ मारते ती बऱ्याचदा पुढे आणि बाजूला फेकून, घोडा मारतो ती सरळ मागे आणि लांबवर. घोड्याने कान मागे चिकटवले की मागे सरा. बैलाने डोकं खाली घालून फुरफुर केली, पुढच्या पायाने माती उकरली की तेच. नुकत्याच व्यायलेल्या गाई-म्हशीच्या वासराला किंवा रेडकाला हात लावू नका, ते कितीही गोड दिसलं तरी. आई बांधलेली आहे यावर विसंबू नका.

खाऊ देऊ नका. बिस्किट, चपाती, केळ्याचं साल, काहीच नाही. दुसऱ्याचं जनावर, उद्या त्याचं पोट फुगलं तर बोल तुमच्यावर येईल. शिवाय खाणं दिसल्यावर दावणीतली सगळीच मान लांब करतात.

७. मुलांना दाखवायचं काय

नुसतं "बघ किती बैल!" म्हणत फिरलात तर अर्ध्या तासात मुलं मोबाइल मागतील. एकेक गोष्ट शोधायला द्या.

दात. हे सगळ्यात रंगतं. गाई-बैलांना पुढच्या बाजूला वरचे दातच नसतात, तिथे नुसती टणक हिरडी असते, खाली आठ. जन्मानंतर येतात ते दुधाचे, बारीक आणि पांढरेशुभ्र. ते जाऊन मधली जोडी पक्की येते साधारण दोन ते अडीच वर्षांनी, मग दर काही महिन्यांनी पुढची, आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत आठही पुरे होतात. बाजारातली वयाची भाषा यावरच चालते: एकही पक्का दात नाही तो आदत, दोन आले की दुसा, चार म्हणजे चौसा, मग सहादाती, आणि आठ पुरे झाले की जुळला. जाणता माणूस एका हाताने नाकपुडीजवळ धरतो, दुसऱ्या हाताचा अंगठा ओठाच्या कडेने आत सारून खालचा ओठ दुमडतो. दोन सेकंद, झालं. दुसा बैलाच्या तोंडात मधले दोन दात फावड्यासारखे रुंद आणि शेजारचे बारके, हा फरक पाच वर्षांच्या मुलालाही लगेच दिसतो. हे काम धन्यालाच करू द्या. स्वतः तोंडात हात घालायचा नाही.

कानातला बिल्ला. पिवळा, त्यावर बारा आकडे. हा त्या जनावराचा सरकारी नोंदणी क्रमांक. मालकाचं नाव आणि लसीकरण त्याच्याशी जोडलेलं असतं. वाचता येणाऱ्या मुलाला लांबून आकडे वाचायला लावा.

शिंगं आणि जात. खिल्लार पांढरा, उंच, काटक, लांब टोकदार शिंगांचा, आणि अंमळ तापट. लाल कंधारी गडद तांबडी. डांगीच्या अंगावर पांढऱ्या-काळ्याचे मोठे ठिपके आणि कातडी तेलकट, म्हणून इगतपुरी-अकोले तालुक्यांतल्या पावसात ती टिकते. पंढरपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी पाठीकडे जातात, खांद्याच्याही मागे. शेळ्यांत काळीभोर, लोंबत्या कानांची दिसली की बहुधा उस्मानाबादी. लांब मान, बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली उंच मेंढी म्हणजे माडग्याळ.

रवंथ. बसलेल्या बैलाच्या गळ्याकडे बघायला सांगा. घास खालून वर सरकताना दिसतो, मग चावणं सुरू होतं. एका घासाला साधारण चाळीस ते साठ वेळा. मोजायला लावा, मूल पाच मिनिटं जागचं हलत नाही.

साजाची दुकानं. वेसण, म्होरकी, कासरा, घुंगरमाळा, गोंडे, पितळी शेंब्या, झुली. मुलाला आठवण म्हणून काही घ्यायचंच तर छोटी घाटी (गळ्यातली घंटा) घ्या, स्वस्त आणि टिकाऊ. फक्त बाजारातून बाहेर पडेपर्यंत ती वाजवू देऊ नका.

नालबंद दिसला तर थांबावं की नाही, हे मूल बघून ठरवा. बैलाचे पाय बांधून त्याला आडवं पाडतात आणि एकेका खुराला दोन, असे चारही पायांना मिळून आठ पत्रे ठोकतात. खिळा खुराच्या मेलेल्या भागात जातो, आपल्या नखासारखा. नीट ठोकला तर दुखत नाही. पण पाडताना बैल हंबरतो आणि हळवी मुलं घाबरतात. आधी सांगा, मग दाखवा.

८. सौदा चालू असताना

दोन माणसं हातात हात घालून उभी आहेत, वर रुमाल किंवा उपरण्याचं टोक टाकलंय, आणि दोघं तोंडाने भलतंच बोलताहेत, असं दिसलं की समजा भाव चाललाय. रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे शेजारच्या दावणीला कळत नाही. मुलांना हे चार हात लांबून दाखवा. जवळ जाऊन "रुमालाखाली काय आहे?" असं विचारू देऊ नका. ती वेळ फार नाजूक असते, आणि मोडलेला सौदा पुन्हा जुळेलच असं नाही.

भाव विचारायची मुलांना फार हौस. घेणार नसाल तर तसं आधीच सांगा: "घ्यायचं नाही, पोराला माहिती हवीय." मग बहुतेक जण हसून सांगतात. सांगितलेला भाव आणि ठरलेला भाव यांत चांगलं अंतर असतं, हेही मुलांना समजावून सांगा. पण "एवढे?" असं तोंडावर म्हणू नका, गमतीत आकडाही बोलू नका. तुम्ही बोललेला आकडा तिथे मागणी धरला जातो.

सौदा झाला की विसार देतात, मग बाजार समितीच्या माणसाकडे पावती फाडतात. त्यात घेणारा, विकणारा, जनावराचं वर्णन आणि किंमत लिहिलेली असते. पावतीच्या टेबलापाशी गर्दी नसेल तर तेही बघण्यासारखं आहे.

९. फोटो आणि व्हिडिओ

विचारून काढा. जनावराचा फोटो सहसा कोणी नाकारत नाही, साज चढवलेल्या बैलाचा तर नाहीच. पण गाड्या, नंबर प्लेट, चढवलेली जनावरं आणि पैसे मोजणारे हात यांचा व्हिडिओ काढू नका. जनावरांच्या वाहतुकीवरून रस्त्यात अडवाअडवी आणि मारहाण झाल्याचे प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेत. अनोळखी माणूस गाडीचं चित्रण करू लागला की वातावरण लगेच तापतं. मुलाच्या हातात मोबाइल देऊन "काढ तुला हवं ते" म्हणणं इथे महागात पडू शकतं.

१०. "हा बोकड कुठं नेणार?"

हा प्रश्न येणारच. थाप मारू नका. बोकड आणि मेंढे बहुतेक मटणासाठी जातात. शेळ्या पाळायला जातात आणि मटणालाही. बैल शेतीला, गाडीला आणि शर्यतीला. गाई-म्हशी दुधाला. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे म्हातारा बैल सांभाळायचा कसा हा शेतकऱ्यापुढचा खरा प्रश्न आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तो कळतो. छोट्याला "काही पाळायला, काही खायला" इतकं पुरे. मात्र हे बोलणं दावणीपाशी मोठ्याने करू नका, घरी जाताना गाडीत करा.

शेपटी पिळणं, काठी मारणं, कोंबून भरणं असं काही दिसलं आणि मूल अस्वस्थ झालं तर त्याला तिथून बाजूला न्या. चुकीचं आहे ते चुकीचंच म्हणा. तक्रार करायची तर बाजार समितीच्या कार्यालयात करा, मुलासमोर भांडण काढू नका.

११. खाणं आणि हात

कशालाही हात लावला असो वा नसो, खाण्याआधी साबणाने हात, वीस सेकंद, नखांसकट. हात धुतल्याशिवाय बोट तोंडात नाही, डोळा चोळायचा नाही.

भजी, जिलबी, भेळ बाजाराच्या बाहेरच्या बाजूला, गरम आणि समोर तळलेलं असेल तरच. उघड्यावर चिरलेली फळं, बर्फाचा गोळा नको. कोणी कौतुकाने धारोष्ण दूध पुढे केलं तर हात जोडून नको म्हणा. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार होऊ शकतो.

स्वच्छतागृहाची आशा धरू नका. वाटेतल्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात उरकून मगच आत शिरा.

१२. "मला हे करडू हवंय"

घेऊ नका. दुधावरचं, आईपासून तोडलेलं करडू घरी आणून बाटलीने जगवणं हे अनुभवी माणसाचं काम. रंगवलेली कोंबडीची पिल्लं तर आठवडाभरही जगतील याचा भरवसा नसतो. हे निघायच्या आदल्या रात्रीच ठरवून सांगा, तिथे पोचल्यावर नाही.

१३. घरी आल्यावर

बूट दाराबाहेर. घरी किंवा शेजारी गाई-शेळ्या असतील तर बाजारातले बूट आणि कपडे घालून गोठ्यात जाऊ नका. लाळ-खुरकुताचा विषाणू बुटाच्या तळव्यावरूनही येतो. बूट घासून धुवा, कपडे वेगळे भिजवा.

अंघोळ घालताना कानामागे, केसांच्या कडेला, काखेत आणि जांघेत गोचीड आहे का ते बघा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतणं, उदबत्तीचा चटका देणं असले उपाय करू नका.

कुत्रा, घोडा, गाढव, कोणीही चावलं, ओरखडलं किंवा जखमेवर लाळ लागली तर जागेवरच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, रेबीजची लस तिथे मिळते. शेळ्यांना हात लावल्यावर आठवड्याभरात बोटावर फोड आला, किंवा वासराला कुरवाळल्यावर अंगावर गोल खाजरा चट्टा उठला, तर डॉक्टरांना "जनावरांच्या बाजारात गेलो होतो" हे आपण होऊन सांगा.